ब्लीचिंगनंतर दात शिवशिवतात, रंगही पुन्हा उतरतो: दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधावं

तक्रार बहुतेक वेळा एकाच क्रमाने येते. दात पांढरे करून घेतले, दोन दिवस छान दिसले, मग गार पाणी लागायला लागलं. महिन्याभरात रंग उतरला म्हणून पुन्हा जेल लावलं, तर या वेळी कळ जास्त आली. तिसऱ्या खेपेला माणूस म्हणतो, "ब्लीचिंगने इनॅमल गेलं." इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, गेलेलं असतं हे अनेकदा खरं असतं, पण नेणारा दुसराच असतो: लिंबू, कोळशाची पावडर, दाबून फिरवलेला ब्रश, नाहीतर वर्षानुवर्षांचं पित्त. त्यांनी वाट उघडी करून ठेवलेली असते. जेलमधलं रंग उडवणारं पेरॉक्साइड त्या वाटेने आत शिरतं आणि नाव त्याचं होतं. म्हणून जेल बदलण्याआधी वाट कोणी उघडली ते शोधायला हवं, नाहीतर हाच फेरा चालू राहतो.

आत काय घडतं ते थोडक्यात

इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं, बाकी पाणी आणि किंचित प्रथिनं. दाढांच्या टोकांवर ते जवळपास अडीच मिलिमीटर जाड असतं आणि हिरडीकडे येता येता पातळ होत संपतं. ते तयार करणाऱ्या पेशी दात तोंडात येईपर्यंत नाहीशा झालेल्या असतात, त्यामुळे गेलेलं इनॅमल पुन्हा उगवत नाही. लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट फक्त मऊ पडलेला थर पुन्हा कडक करू शकतं.

इनॅमल स्वतः अर्धपारदर्शक असतं. आपल्याला दिसणारा पिवळेपणा बराचसा त्याखालच्या डेंटिनचा, म्हणजे आतल्या पिवळसर थराचा. इनॅमल घासून पातळ केलं की दात पांढरा दिसण्याऐवजी जास्त पिवळा दिसतो, हे एवढं लक्षात राहिलं तरी राखुंडी, कोळसा, मीठ आणि 'आठ दिवसांत मोत्यासारखे दात' करणारी सगळी मंजनं घरातून बाहेर जातील. ती पहिल्या आठवड्यात वरचा चहाचा थर काढतात म्हणून गुण आल्यासारखं वाटतं. पुढच्या महिन्यांत ती इनॅमलच काढत असतात.

पेरॉक्साइड घासत नाही. त्याचा रेणू इतका लहान असतो की इनॅमल आणि डेंटिन ओलांडून ५ ते १५ मिनिटांत आतल्या नसेपर्यंत पोचतो. जाताना तो रंगीत रेणू फोडतो, म्हणून दात उजळतो. नसेपाशी पोचल्यावर तिथे तात्पुरता दाह होतो आणि सळकन कळ जाते. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं, आम्लधर्मी नसलेलं जेल सांगितल्याप्रमाणे वापरलं तर इनॅमलच्या कडकपणात पडणारा फरक अगदी थोडा असतो आणि लाळेने भरून येतो. दवाखान्यात वापरतात ते ३५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, त्यातही आम्लधर्मी असलं, तर पृष्ठभाग खडबडीत होतो, कडकपणा उतरतो आणि भरून यायला एक-दोन आठवडे लागू शकतात. त्या दिवसांत रोज लिंबूपाणी आणि कडक ब्रश चालू असेल तर लाळेला काम करायला सवडच मिळत नाही.

आधी कळ कोणती ते ठरवा

ही पायरी लोक गाळतात आणि थेट सेन्सिटिव्हिटीची पेस्ट आणतात. पाच मिनिटं आरशासमोर उभं राहा.

ब्लीचिंगची कळ अचानक येते, काहीही न खाता-पिता येते, दोन-चार सेकंद राहते आणि जाते. ती बहुधा पटाशीच्या दातांत, एकाच वेळी तीन-चार दातांत फिरते. पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त असते आणि जेल थांबवलं की काही दिवसांत, उशिरात उशिरा दोन आठवड्यांत जाते. असं असेल तर घाबरण्याचं कारण नाही, पुढे सांगितल्याप्रमाणे करा.

आता फ्रीजमध्ये ठेवलेल्या स्टीलच्या चमच्याचं टोक एकेका दाताला हलकेच लावा. एकच दात ठणकला आणि चमचा काढल्यावरही अर्धा मिनिट ठणकत राहिला, किंवा रात्री आडवं झाल्यावर त्याच दातात ठोके पडतात असं असेल, तर तो ब्लीचिंगचा प्रश्न नाही. खोल कीड, जुन्या फिलिंगची सुटलेली कड किंवा दाताला गेलेली चीर असते, आणि जेल तिच्यातून सरळ नसेपर्यंत जातं. अशा दातावर पुन्हा जेल लावायचं नाही. एक्स-रे काढून घ्यायचा.

तिसरी खूण दाताच्या मानेपाशी, म्हणजे हिरडीलगत. वरचा ओठ बोटाने वर धरा आणि सुळ्याच्या व त्यामागच्या दोन दातांच्या हिरडीलगतच्या भागावरून नख हलकेच खाली ओढा. नख एखाद्या खाचेत अडकलं आणि त्याच क्षणी झिणझिणी आली, तर तिथलं इनॅमल गेलेलं आहे आणि डेंटिन उघडं आहे. कडक ब्रश आडवा, दाबून फिरवणाऱ्यांना ही खाच होते. मिश्री लावणाऱ्यांमध्ये हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलेलं असतं, तिथे तर मुळात इनॅमल नसतंच. उजव्या हाताने ब्रश करणाऱ्यांच्या डाव्या बाजूला ही खाच बऱ्याचदा जास्त खोल असते, म्हणून दोन्ही बाजू तपासा. खोल खाच आधी भरून घ्यावी लागते. उथळ असेल तर ब्लीचिंगच्या वेळी तेवढा भाग जेलपासून वाचवता येतो, पण ते डॉक्टरांना आधी माहीत हवं.

आणि दात न दुखता हिरडीच चुरचुरत असेल, तिच्यावर पांढरा डाग असेल, तर जेल बाहेर सांडलं आहे. पाण्याने भरपूर चुळा भरा, त्या दिवशी तिखट-मीठ टाळा. पांढरेपणा बहुधा काही तासांत जातो आणि हिरडी दोन-तीन दिवसांत पूर्ववत होते. आठवड्यानंतरही जखम दिसत असेल तर दाखवा.

कळ ब्लीचिंगचीच असेल तर

जेल पूर्ण थांबवा, दोन ते तीन दिवस. कळ असतानाच "आता तीनच रात्री राहिल्यात" म्हणून रेटू नका. रंग मागे जात नाही, काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं.

या दिवसांत ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट ट्रेमध्ये, म्हणजे दातांवर बसवायच्या जेलच्या साच्यात, पातळ रेघेसारखी घाला आणि १० ते ३० मिनिटं ट्रे लावून बसा, मग थुंका. पोटॅशियम नसेला शांत करतं, आणि ट्रेमुळे ते दाताला चिकटून राहतं. पेस्ट कमी फेसाची असेल तर बरं, फेसाळ पेस्ट इतका वेळ हिरडीला लागून राहिली तर ती चुरचुरते. ट्रे नसेल तर बोटाने दातांवर पेस्ट लावून तशीच राहू द्या. नुसत्या ब्रशने या पेस्टचा पुरता गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. ज्यांना आधीपासून गार लागतं त्यांनी ती जेलच्या आधी दोन आठवडे सुरू केली तर सर्वांत चांगलं.

रात्री ब्रश झाल्यावर फ्लोराइडची पेस्ट थुंका, पण चुळा भरू नका. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइडची कमाल मर्यादा १००० पीपीएम (दहा लाख भागांत एक हजार) आहे. चुळा भरून तेवढंही धुऊन टाकायचं नाही. दुधाच्या केसिनपासून केलेलं कॅल्शियम-फॉस्फेटचं क्रीमही दवाखान्यातून मिळतं. ते चांगलं काम करतं, पण दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असलेल्यांनी ते वापरायचं नाही.

कळ थांबली की पुन्हा सुरू करताना एकाच वेळी तीन गोष्टी बदलू नका, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. आधी वेळ कमी करा: रात्रभराऐवजी दोन तास. तरीही कळ आली तर एक दिवसाआड लावा. तेही सोसलं नाही तर तीव्रता उतरवा, कार्बामाइड पेरॉक्साइड २२ वरून १६, १६ वरून १० टक्के. या क्रमाचं कारण साधं आहे. कार्बामाइड पेरॉक्साइडमधलं निम्म्याच्या आसपास काम पहिल्या दोन तासांत होऊन जातं, उरलेलं पुढचे कित्येक तास मंद चालतं. वेळ कमी केल्याने फायदा फार कमी होत नाही, पण नसेवरचा मारा बराच कमी होतो.

जेल, ट्रे आणि आकडे

पाकिटावरच्या टक्क्यांत फसगत होते. कार्बामाइड पेरॉक्साइडमधून त्याच्या साधारण एक तृतीयांश हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं: १० टक्क्यांतून सुमारे साडेतीन, ३५ टक्क्यांतून सुमारे १२. म्हणजे '१६ टक्के कार्बामाइड' हे '१० टक्के हायड्रोजन'पेक्षा सौम्य असतं. लोक आकडा मोठा पाहून उलटं समजतात. युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशात ०.१ ते ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली दातांची उत्पादनं फक्त दंतवैद्यांमार्फत, पहिला वापर त्यांच्या देखरेखीखाली आणि १८ वर्षांखालच्यांना बंद, असं ठरवलं. आपल्याकडे ऑनलाइन काहीही मागवता येतं, म्हणून ही मर्यादा स्वतःला घालून घ्यावी.

औषधाच्या दुकानातली हायड्रोजन पेरॉक्साइडची तपकिरी बाटली तोंडासाठी आणू नका. तिच्यावर 'व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं: १० व्हॉल्यूम म्हणजे साधारण ३ टक्के, २० म्हणजे ६ टक्के. पार्लरमध्ये केसांसाठी २०, ३०, ४० व्हॉल्यूमचं जे डेव्हलपर असतं ते टिकावं म्हणून चांगलंच आम्लधर्मी केलेलं असतं. दाताला ते दुहेरी मार देतं, पेरॉक्साइडचा आणि आम्लाचा.

सामू, म्हणजे पीएच, हा आकडा टक्क्यांइतकाच महत्त्वाचा असूनही पाकिटावर क्वचित सापडतो. ५.५ च्या खाली इनॅमल विरघळायला लागतं. पेरॉक्साइड आम्लात जास्त टिकतं, म्हणून स्वस्त जेलमध्ये सामू मुद्दाम खाली ठेवलेला असू शकतो. तपासायला रंगपट्टी असलेले पीएच कागद लागतात, ते मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानांत मिळतात. कागदाचा तुकडा थेंबभर पाण्याने ओला करा, त्यावर जेलचा ठिपका ठेवा आणि पहिल्या काही सेकंदांतच रंग पाहून घ्या. उशीर केला तर पेरॉक्साइड कागदाचाच रंग उडवतं आणि वाचन चुकतं. ६ च्या खाली दिसलं तर ते जेल वापरू नका. हा अंदाज ढोबळ आहे, पण ३ किंवा ४ दाखवणारं जेल ओळखायला तो पुरतो.

मुंबईच्या हवेचा भाग इथे येतो. उष्णतेने पेरॉक्साइड फुटतं. मे महिन्यात कुरिअरच्या टेम्पोत तीन दिवस तापलेली सिरिंज हातात पडते तेव्हा तिच्यातला जोर बराच उतरलेला असू शकतो. मग गुण येत नाही म्हणून माणूस जास्त वेळ लावतो, जास्त जेल घालतो, आणि पुढची सिरिंज ताजी आली की एकदम कळ येते. एकाच ब्रँडचा अनुभव दर खेपेला वेगळा येण्यामागे हे एक नेहमीचं कारण आहे. जेल फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. वापरण्याआधी अर्धा तास बाहेर काढा, कारण गार जेलनेच दात शिवशिवतात.

प्रमाण. ट्रेमध्ये दातांच्या पुढच्या बाजूला, प्रत्येक दातामागे तुरीच्या डाळीएवढा ठिपका, फक्त हसताना दिसणाऱ्या दातांना. १.२ मिलिलिटरची सिरिंज एका जबड्याला दोन-तीन वेळा पुरली पाहिजे. एका बसण्यात संपत असेल तर तुम्ही जेल हिरडीवर घालताय. ट्रे बसवल्यावर कडेने ठिबकलेलं जेल लगेच कोरड्या ब्रशने किंवा कापसाने पुसून घ्या.

ट्रेही तपासा. गरम पाण्यात मऊ करून चावायचे जे तयार ट्रे येतात ते हिरडीवर चढतात आणि जेल तिथेच साठतं. मापाने केलेल्या ट्रेची कड हिरडीच्या रेषेबरोबर कापलेली असते. जीभ फिरवून पाहा, टोचणारी कड असेल तर ती घासून घ्यायला डॉक्टरांना दोन मिनिटं पुरतात. ट्रे घट्ट असेल तर नुसत्या दाबानेही दात दुखतात. हे वेगळं काढायचं असेल तर एक रात्र रिकामा ट्रे घालून झोपा. सकाळी दात दुखले तर दोष जेलचा नाही.

निळ्या दिव्याबद्दल. घरगुती संचासोबत येणारा छोटा एलईडी दिवा टिकाऊ फरक पाडत नाही. दवाखान्यातल्या उष्णता देणाऱ्या दिव्याने लगेच उजळ दिसतं ते बरंचसं दात कोरडा पडल्यामुळे, आणि नस तापल्याने कळ मात्र वाढते. नसेचं तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने वाढलं की तिला इजा होऊ शकते हे झॅक आणि कोहेन या संशोधकांनी १९६५ मध्येच दाखवून दिलं होतं. दवाखान्यात करायचं असेल तर दिव्यावाचून करा म्हणावं. हिरडीवर कडक होणारा संरक्षक थर लावल्याशिवाय ३५ टक्क्यांचं जेल तोंडाजवळ येऊ देऊ नका. मॉलमधल्या किंवा पार्लरमधल्या खुर्चीवर हा थर लावत नसतील, कीड आहे का हे कोणी पाहत नसेल, तर तिथून उठावं. दंतवैद्याचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

खरा चोर: आंबट

कैरी किंवा चिंच खाल्ल्यावर 'दात आंबले' असं आपण म्हणतो. ते फक्त बोलणं नाही. आम्लाने पृष्ठभाग खरोखर मऊ पडलेला असतो, म्हणून दातावर दात घासला की करकरतं. ब्लीचिंगमध्ये दातावरचा लाळेचा पातळ पापुद्राही निघून जातो. तो लगेच पुन्हा बसायला लागतो, पण पुरता जमायला एक दिवस जातो. त्या उघड्या दातावर आंबट पडलं तर ते थेट खनिजाला भिडतं.

एकदाच प्यायलेलं सरबत फारसं बिघडवत नाही. बिघडवतो तो घोट-घोट. कल्याणहून किंवा विरारहून सकाळच्या लोकलमध्ये बसताना पिशवीत लिंबूपाण्याची बाटली असते, आणि दीड तासात दर दोन स्टेशनांनी एक घोट. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ च्या आसपास असतो. पाण्यात पातळ केला तरी तो ५.५ च्या पुष्कळ खाली राहतो. प्रत्येक घोटानंतर लाळेला तोंड सावरायला वेळ लागतो, आणि तो सावरण्याआधी पुढचा घोट आलेला असतो. वजनासाठी उपाशीपोटी घेतलेलं व्हिनेगर, जिममधलं आंबट पावडरीचं पेय, दुपारभर पुरवलेला कोला, सगळ्यांचं गणित हेच. प्यायचं तर जेवणाबरोबर, एका बैठकीत, वर साधं पाणी. आणि लगेच ब्रश नाही, किमान अर्धा तास थांबून.

पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी वरच्या पटाशीच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू जिभेने चाचपून पाहावी. ती खरवडल्यासारखी गुळगुळीत, काचेसारखी लागत असेल, कडा पातळ झाल्या असतील, तर पोटातलं आम्ल तिथे काम करतंय. आंबट ढेकर किंवा उलटीनंतर ब्रश करू नका. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून चुळा भरा. असे दात ब्लीच करू नयेत. आधी पित्तावर उपचार घ्या.

लिंबू आणि सोडा एकत्र चोळण्याचा उपाय दर सहा महिन्यांनी मोबाइलवर फिरत येतो. सोडा एकटा दातांना सौम्य असतो. लिंबू आधी लावून वर सोडा चोळला तर मऊ झालेला थर घासला जातो. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, म्हणून समजावून सांगा आणि थांबवा.

हळदीची लोक फार धास्ती घेतात. जेल काढल्यावर पहिले काही तास, फार तर दोन दिवस, पिवळं रस्सेदार, कोकमाचं सार आणि चहा-कॉफी टाळली तर चांगलं, एवढंच. दहीभात, हळद न घातलेले दडपे पोहे, साबुदाण्याची खिचडी, इडली आणि ओल्या नारळाची चटणी यांवर दोन दिवस सहज निघतात. दही आंबट असूनही इनॅमलला लागत नाही, कारण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असतं. सोलकढी मात्र फिकट दिसली तरी कोकमाची आहे, ती थांबू द्या. हळदीचा डाग वरवरचा असतो, पॉलिशने निघतो. आम्लाने गेलेलं इनॅमल कोणत्याच पॉलिशने परत येत नाही. धास्ती घ्यायचीच तर आंबटाची घ्या.

रंग लवकर उतरतो ते का

जेल काढल्या काढल्या दिसणारा रंग हा खरा रंग नसतो. दात कोरडा पडल्याने तो खडूसारखा पांढरा दिसतो आणि एक-दोन दिवसांत पाणी शोषून मूळ छटेकडे थोडा सरकतो. निकाल दोन आठवड्यांनी पाहावा. उपचाराआधी, दात ओले असताना, दिवसाच्या उजेडात शेड गाईडची (दातांच्या छटा दाखवणारी) पट्टी शेजारी धरून फोटो काढून ठेवा, नाहीतर तुलना फक्त आठवणीशी होते, आणि आठवण रोज बदलते.

त्यानंतरही रंग झपाट्याने उतरला तर तो बाहेरचा डाग असण्याची शक्यता जास्त. दातांच्या फटीत आणि हिरडीलगत तपकिरी रेषा दिसतात का बघा. हिरड्यांसाठी दिलेलं क्लोरहेक्सिडिनचं माऊथवॉश दोन आठवड्यांऐवजी दोन महिने चालू ठेवलेलं असतं, वर दिवसातून पाच वेळा कटिंग चहा. दोन्हींचा मिळून असा पक्का तपकिरी थर बसतो. लोहाची पातळ औषधं, मिश्री, तंबाखू, सुपारी यांचंही तेच. यावर ब्लीचिंग म्हणजे नुसतं कळेला आमंत्रण देणं. स्केलिंग (दातांवरचं कीटण काढणं) आणि पॉलिश करा, एवढ्याने काम होतं. स्केलिंगने इनॅमल निघतं किंवा दात हलायला लागतात ही भीती चुकीची आहे. निघतं ते कीटण. कीटणाने झाकलेली मान उघडी पडल्यामुळे काही दिवस गार लागतं, म्हणून स्केलिंग आणि ब्लीचिंग यांत एक-दोन आठवडे जाऊ द्या.

पांढऱ्या डागांचं वेगळं. मुंबईचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा धरणांचं आहे. पण लहानपण चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या बोअरवेलच्या पाण्यावर गेलं असेल तर दातांवर फ्लोरोसिसचे, म्हणजे पाण्यातल्या जास्त फ्लोराइडने आलेले, पांढरे-तपकिरी ठिपके असू शकतात. ब्लीचिंगच्या पहिल्या दिवसांत हे ठिपके आणखी उठून दिसतात आणि लोक घाबरून ट्रे फेकून देतात. आठवड्या-दोन आठवड्यांत बाकीचा दात उजळतो, कोरडेपणा जातो आणि फरक कमी होतो. तरी राहिले तर त्यांत रेझिन (पातळ, प्लास्टिकसारखं द्रव्य) झिरपवण्याचा उपचार असतो; जेलची तीव्रता वाढवून ते जात नाहीत.

कडा निळसर-करड्या, काचेसारख्या झाल्या असतील तर थांबायचंच. तिथे मागे डेंटिन नाही, तोंडातला अंधार आरपार दिसतोय. ब्लीचिंगने ती कड आणखी करडी दिसेल. एकच दात काळपट असेल तर त्याची नस मेलेली असू शकते. तिथे एक्स-रे, रूट कॅनाल आणि मग आतून ब्लीचिंग हा रस्ता. कॅप, व्हेनिअर (दातावर चिकटवलेला पातळ पापुद्रा) आणि जुनी फिलिंगं पेरॉक्साइडने उजळत नाहीत, हे आधी माहीत असलं तर पुढच्या खर्चाचा धक्का बसत नाही. नवीन फिलिंग ब्लीचिंगनंतर किमान दोन आठवड्यांनीच करा, कारण दातात राहिलेला ऑक्सिजन फिलिंगची पकड कमजोर करतो आणि रंगही तोवर स्थिरावलेला नसतो.

गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना हा उपचार पुढे ढकलावा. लग्नासाठी करायचं असेल तर हळदीच्या आदल्या आठवड्यात सुरू करून चालत नाही. स्केलिंग धरून दीड-दोन महिने हाताशी असावेत: दोन आठवडे पोटॅशियमची पेस्ट, दोन आठवडे जेल, मध्ये कळ आली तर थांबायला जागा, शेवटी रंग बसायला दोन आठवडे. टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचे करडे पट्टे असतील तर दोन ते सहा महिने लागतात, आणि ते १० टक्क्यांसारख्या मंद मार्गानेच निघतात. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय इथे तपासणी व स्केलिंग कमी खर्चात होतं. सकाळी लवकर जावं.

एकदा रंग नीट बसला की वर्षा-दोन वर्षांनी १० टक्क्यांच्या दोन-तीन रात्री पुरतात, म्हणून ट्रे जपून ठेवा. तो गार पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो आणि पुढच्या वेळी जेल गळतं. पूर्ण वाळवून भोकं असलेल्या डबीत, उन्हापासून लांब ठेवा. पावसाळ्यात बंद डबीत ओला राहिला तर चार दिवसांत वास धरतो.